सोन्याच्या नाण्यावरचा घाव आणि शनिवारची मुदत

पत्राचा सारांश

मूळचे सांगली जिल्ह्यातले हे वाचक पन्नाशीत आहेत आणि वीसेक वर्षांपासून इंग्लंडात नोकरी करतात. त्यांना रोमन नाण्यांचा छंद आहे. पगारातून जमेल तसं घेत घेत त्यांनी शे-सव्वाशे चांदीची डिनेरियस जमवली आणि ज्युलियस सीझरपासून डोमिशनपर्यंतचे बारा सीझर चांदीत पूर्ण केले. सोन्याचं ऑरियस मात्र एकही नाही. लिलावांतले विक्रमी आकडे आणि सोन्याचा चढता भाव पाहून 'आता नाही घेतलं तर या जन्मात नाही' असं त्यांना वाटू लागलं आहे. वडील गेल्यावर गावची जमीन विकली, त्यातले वाट्याला आलेले अकरा हजार पौंड बँकेत आहेत. पत्नीच्या मते ते मुलीच्या शिक्षणाचे आहेत. यांचं म्हणणं, "सोनंच तर घेतोय, उडवत थोडाच आहे? शिवाय आबांच्या जमिनीचं काहीतरी हातात राहील." एक विक्रेता टायबेरियसचं ऑरियस साडेतीन हजार पौंडांना द्यायला तयार आहे. सम्राटाच्या चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे, म्हणून स्वस्त. नाणं 'जुन्या स्विस संग्रहातलं' आहे एवढंच तो सांगतो आणि शनिवारपर्यंत निर्णय मागतो. चांदीचा संग्रह विकून सोन्यातले बारा सीझर सुरू करावेत असाही यांचा विचार आहे. शेवटी ते विचारतात, "हा छंद आता श्रीमंतांचा झाला. आम्ही काचेबाहेरूनच बघायचं का?"

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी शनिवारचं सांगून टाकते. ते नाणं घेऊ नका. कारणं पुढे येतीलच, पण तोवर तुमच्या हातून पैसे जायला नकोत.

आता त्या विक्रमी आकड्यांकडे येऊ, कारण तुमची घाई तिथून सुरू झाली आहे. ज्या नाण्याने सगळ्या संग्राहकांची झोप उडवली ते ब्रूटसचं, म्हणजे सीझरच्या मारेकऱ्यांपैकी एकाचं. पुढच्या बाजूला ब्रूटसचा चेहरा, मागे दोन खंजीर, त्यांच्या मध्ये गुलामीतून सुटलेला माणूस घालायचा ती टोपी आणि खाली 'ईड मार', म्हणजे १५ मार्च, सीझरच्या खुनाचा दिवस. इ.स.पू. ४२ मध्ये, ज्यात ब्रूटस हरला त्या फिलिपायच्या लढाईआधी, ब्रूटसच्या फौजेबरोबर फिरणाऱ्या टांकसाळीत ते पाडलं गेलं. चांदीतली अशी नाणी अधूनमधून बाजारात दिसतात, सोन्यातली मात्र हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये लंडनच्या लिलावात अशा एका नाण्यावर २७ लाख पौंडांना हातोडा पडला. लिलावगृहाचं कमिशन धरून घेणाऱ्याला ते ३२ लाख ४० हजारांना पडलं. प्राचीन नाण्यासाठी तोवर कुणी एवढे मोजले नव्हते.

त्या नाण्याचं वजन आठ ग्रॅम. त्या महिन्यातल्या भावाने त्यातल्या सोन्याची किंमत चारशे पौंडांच्याही आत होती. बाकीचे बत्तीस लाख कशाचे होते, हे नीट समजून घ्या, कारण 'सोनंच तर घेतोय' हा तुमचा मुद्दा इथेच डळमळतो. ते पैसे दुर्मीळपणाचे होते, त्या दोन खंजिरांचे होते आणि नाण्याबरोबर आलेल्या कागदाचे होते. एका बॅरनच्या जुन्या संग्रहातून ते आलं, असं त्या कागदावर लिहिलेलं होतं.

तो कागद खोटा निघाला. २०२३ च्या जानेवारीत त्या लिलावगृहाच्या मालकाला न्यूयॉर्कमध्ये अटक झाली आणि मार्चमध्ये नाणं ग्रीसला परत गेलं. त्याच वर्षी मालकाने गुन्हा कबूल केला. नाणं अस्सल होतं, ठसा अस्सल होता, सोनंही अस्सल. पण ते कुठून आलं ही गोष्ट रचलेली होती, आणि तेवढ्यावर सगळा व्यवहार कोसळला. विक्रमाची बातमी तुमच्यापर्यंत पोचली. ही दुसरी बातमीही तेवढीच लक्षात ठेवावी, असं मला कळकळीने वाटतं.

याच्या अगदी उलट उदाहरण त्याच २०२३ च्या मे महिन्यातलं आहे. झुरिकला क्रिमियातल्या पँटिकॅपियमचं एक ग्रीक सोन्याचं नाणं विकायला आलं आणि ४४ लाख स्विस फ्रँकवर हातोडा पडून त्याने ब्रूटसचा विक्रम मोडला. ते नाणं एके काळी लेनिनग्राडच्या हर्मिटाज संग्रहालयात होतं आणि १९३० च्या दशकात सोव्हिएत सरकारने परकीय चलनासाठी विकलेल्या नाण्यांपैकी होतं. कुणाकडून निघालं आणि कधी बाजारात आलं हे सगळं छापील, पडताळता येण्यासारखं. एवढे पैसे लावताना लोक नाण्याइतकाच हा इतिहास विकत घेतात.

आता तुमचं गृहीतक बघा. एका नाण्याला विक्रमी भाव आला म्हणजे सगळ्या ऑरियसचे भाव आता आवाक्याबाहेर जाणार. तुमच्या गावाकडे जमिनीचे व्यवहार तुम्ही पाहिले आहेत. हायवेला लागून असलेल्या कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन बड्या लोकांनी चुरशीने भाव चढवला, म्हणून आतल्या वाडीतल्या शेताला तो भाव येत नाही. लिलावातही विक्रमी भाव ठरतो तो त्या एका दिवशी, त्या एका नाण्यासाठी हटून बसलेल्या दोन माणसांमुळे. २०१९ मध्ये केंटमध्ये डोव्हरजवळच्या शेतात डिटेक्टर घेऊन फिरणाऱ्या एका तरुणाला ब्रिटनमधला बंडखोर सम्राट ॲलेक्टस याचं ऑरियस सापडलं, लंडनच्याच टांकसाळीत पाडलेलं. अंदाज होता सत्तर हजार ते एक लाख पौंडांचा. विकलं गेलं ५ लाख ५२ हजारांना. कारण त्याच ठशांनी पाडलेलं दुसरं एकच नाणं ठाऊक होतं आणि ते ब्रिटिश म्युझियममध्ये. ज्याला तेच नाणं हवं होतं त्याला दुसरीकडे जायला वाट नव्हती. नीरो, व्हेस्पेशियन किंवा टायबेरियसच्या ऑरियसचं तसं नाही. १८९५ मध्ये पाँपेईजवळ बोस्कोरियालेला एका घराच्या टाक्यात हजारभर सोन्याची नाणी सापडली. १९९३ मध्ये जर्मनीतल्या ट्रियरला अडीच हजारांहून जास्त ऑरियस निघाली, वजन साडेअठरा किलो. ट्रियरची नाणी तिथल्याच संग्रहालयात आहेत, ती बाजारात येणार नाहीत, हे मान्य. पण सामान्य प्रकारची ऑरियस दर वर्षी लिलावांत येतात, पुढच्या वर्षीही येतील.

त्यांचे भावही वाढले आहेत, हे मी नाकारत नाही. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सोनं पहिल्यांदाच औंसाला ४,००० डॉलरच्या वर गेलं तेव्हा झिजलेल्या, साध्या सोन्याच्या नाण्यांनाही त्याचा टेकू मिळाला. पण टायबेरियसच्या ऑरियसमध्ये पावणेआठ ग्रॅमच्या आसपास सोनं असतं. ते वितळवलं तर साडेतीन हजारांच्या जवळपासही जात नाही. उद्या अडचण आली आणि विकायची वेळ आली तर सोनाराच्या वजनकाट्यावर तुम्हाला भाव मिळणार नाही, नाण्यांच्या व्यापाऱ्याकडेच जावं लागेल. त्याला त्याचा नफा ठेवून घ्यायचा असतो. लिलावाला दिलंत तर विकणाऱ्याकडूनही कमिशन कापतात, आणि घेणारा त्याचं वीसेक टक्के कमिशन डोक्यात धरूनच बोली लावतो. आज घेऊन उद्या विकलं तर बरीच खोट बसेल. घरात 'सोनं' म्हणून जे ठेवतो, त्याचा हा स्वभाव नाही. हौस म्हणून ऑरियस घ्या, जरूर घ्या. अडीअडचणीचं सोनं म्हणून घेत असाल तर ते त्या कामाचं नाही.

आता तो घाव.

पत्रात तुम्ही हे एका वाक्यात उरकलं आहे, 'घाव आहे म्हणून स्वस्त'. मला मात्र तिथेच थांबावंसं वाटलं. टायबेरियसचं ऑरियस, मागच्या बाजूला हातात राजदंड आणि फांदी घेऊन बसलेली स्त्री, जिला बहुतेकजण टायबेरियसची आई लिव्हिया मानतात, आणि भोवती 'पाँटिफ मॅक्सिम', म्हणजे मुख्य पुरोहित, ही अक्षरं, असाच हा प्रकार असणार. आजच्या फ्रान्समधल्या ल्योंच्या टांकसाळीतला. दक्षिण भारतात जी रोमन नाणी सापडली त्यांत टायबेरियसच्या या छापाची नाणी भरपूर आहेत. मिरी, मोती आणि तलम कापडासाठी रोमचं सोनं इकडे येत होतं. यवनांची, म्हणजे ग्रीक-रोमन व्यापाऱ्यांची, जहाजं सोनं घेऊन येतात आणि मिरी घेऊन जातात, असं संगम काळातल्या तमिळ कवितेतही आहे. आपल्याकडचे तेर आणि पैठण त्याच व्यापाराच्या वाटेवर होते, पण सोन्याचे मोठे साठे सापडले ते दक्षिणेत.

त्यांतला एक साठा १८९८ मध्ये तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईजवळ सापडला. पाचशेच्या आसपास ऑरियस. आणि त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून छिन्नीचा एक सरळ, खोल घाव. ओरखडा नव्हे. एकच ठोका, मुद्दाम, डोक्यावर. चेहरा रद्द करून नाणं नुसतं सोनं म्हणून वापरण्यासाठी हे केलं असेल, की आतला धातू तपासायला, यावर अभ्यासकांत आजही एकमत नाही. पण असा घाव दिसला की जाणकाराच्या मनात पहिलं नाव भारताचं येतं. त्या साठ्यातली काही नाणी ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत.

म्हणजे तुमच्यासमोर जे नाणं आहे, ते एखाद्या स्विस माणसाच्या कपाटात येण्याआधी आपल्याच मातीत असण्याची बरीच शक्यता आहे. कुठल्या काळात बाहेर गेलं, हा खरा प्रश्न. इंग्रजी अमदानीत अशी कितीतरी नाणी बाजारात आली, विकली गेली, परदेशी गेली. तसं असेल आणि त्याचा जुना कागद असेल तर ते नाणं तुमच्यासारख्या माणसाकडे असणं मला फार आवडेल. पण गेल्या वीस-तीस वर्षांत कुणी शेत नांगरताना मडकं सापडलं, गुपचूप विकलं आणि ते कुणाच्या तरी सामानातून युरोपात पोचलं असेल तर? १८७८ च्या कायद्याप्रमाणे भारतात जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा कुठलाही गुप्त ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. आणि तुम्ही राहता त्या देशातही २००३ चा कायदा आहे. त्या वर्षाच्या अखेरीनंतर बेकायदा खणून काढलेली वा हलवलेली वस्तू माहीत असून घेणं हा तिथे गुन्हा आहे, विकणं तर आहेच. तुम्ही अप्रामाणिक नाही, हे पत्राच्या ओळीओळीतून कळतं. पण ज्याने प्रश्न विचारले नाहीत त्याचा प्रामाणिकपणा पुढे कुणाला पटवून द्यायचा झाला तर अवघड जातं. आणि उद्या तुमच्या मुलीला ते नाणं विकायचं झालं तर चांगलं लिलावगृह हातही लावणार नाही.

'जुन्या स्विस संग्रहातलं' हा पुरावा नाही. पुरावा म्हणजे कुठल्या विक्रीतून, कोणत्या तारखेला, कितव्या क्रमांकाखाली, आणि कॅटलॉगातलं छायाचित्र. जुने कॅटलॉग आता घरबसल्या बघता येतात, हायडेलबर्ग विद्यापीठाने हजारो स्कॅन करून खुले केले आहेत. रोमन नाणं हाताने पाडलेलं असतं, म्हणून कुठलीच दोन नाणी सारखी नसतात. कडा कुठे चिरली आहे, नाण्याभोवतीच्या टिंबांच्या वर्तुळातलं कुठलं टिंब कडेबाहेर गेलं आहे, अक्षराचा पाय कुठे अर्धवट उमटला आहे, हे सगळं त्या शंभर वर्षांपूर्वीच्या पानावरच्या चित्राशी जुळवायचं. जुळलं तर जुळलं, मग शंकाच राहत नाही. तुमच्या नाण्यावर तर घाव आहे. त्या घावाची लांबी आणि तिरकेपणा म्हणजे त्या नाण्याची ओळखखूणच. कुठल्याही जुन्या कॅटलॉगात ते छापलं असेल तर पाच मिनिटांत ओळखू येईल. विक्रेत्याने एवढं केलं नसेल तर त्याला जमलं नाही म्हणून नाही, त्याला करायचं नाही म्हणून.

अस्सलपणाचाही प्रश्न आहेच. जर्मनीतला कार्ल विल्हेल्म बेकर १८३० मध्ये वारला. त्याने स्वतः ठसे कोरून पाडलेली रोमन आणि ग्रीक नाणी आजही संग्रहांत सापडतात. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसात डब्यात भरून घोडागाडीला बांधून फिरवायचा, असं सांगतात. आजच्या बनावट नाण्यांना तर गाडीचीही गरज नाही. साडेतीन हजारांचं सोन्याचं नाणं फोटो पाहून, मुदत अंगावर असताना घ्यायची गोष्ट नाही.

विक्रेत्याला दोन ओळींचा मेल करा. १९७० पूर्वीच्या मालकीचा लेखी पुरावा मागा. युनेस्कोचा सांस्कृतिक वस्तूंबाबतचा करार त्या वर्षीचा आहे आणि सावध संग्राहक तीच रेघ धरतात. घावाबद्दल थेट विचारा, हे भारतीय साठ्यातलं आहे का? नाणं खोटं किंवा चोरीचं निघालं तर कितीही वर्षांनी पूर्ण पैसे परत, हे बिलावर लिहून मागा. उत्तर आलं आणि समाधानकारक असलं तर पुन्हा विचार करू. 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' असं उत्तर आलं तर त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला घेऊ द्या.

चांदीचा संग्रह विकण्याबद्दल मात्र मी ठाम आहे. विकू नका. एकगठ्ठा विकलात तर व्यापारी घाऊक भाव लावणार, आणि तुम्ही एकेक नाणं ज्या विचाराने निवडलं त्याचा एक पैसाही मिळणार नाही. शिवाय सोन्यातले बारा सीझर ही वाट सुरुवातीला सोपी दिसते. ऑगस्टस, टायबेरियस, नीरो, व्हेस्पेशियन, टायटस, डोमिशन यांची ऑरियस मिळतात. ज्युलियस सीझरच्या नावाचं इ.स.पू. ४६ मधलं, त्याचा सहकारी हिर्टियस याने पाडलेलं ऑरियसही बऱ्यापैकी मिळतं, पण त्यावर त्याचा चेहरा नाही. मग येतात कॅलिगुला, गॅल्बा, ओथो, व्हिटेलियस. ओथो तर इ.स. ६९ मध्ये जेमतेम तीन महिने गादीवर होता. या चौघांना सोन्यात गाठायचं तर तुमचे अकरा हजार सुरुवातीलाच संपतील आणि यादी अर्धी राहील. अर्धवट यादी माणसाला छळते, पुढची खरेदी चुकीची करायला लावते. चांदीतला जो संच तुम्ही पूर्ण केला आहे, तो कित्येकांना आयुष्यभर जमत नाही. त्याचं मोल कमी करून बघू नका.

एकच ऑरियस घ्यायचं ठरवा. बाराचं पहिलं म्हणून नाही, एकुलतं एक म्हणून. माझी पसंती विचाराल तर नीरोचं, इ.स. ६४ नंतरचं. त्याने ऑरियसचं वजन कमी केलं, एका रोमन रतलात चाळीसच्या जागी पंचेचाळीस नाणी पाडायला लावली. म्हणजे रोमच्या तिजोरीची ओढाताण तुमच्या तळहातावर सव्वासात ग्रॅममध्ये असेल. किंवा व्हेस्पेशियनचं. सोनं हवंच असेल आणि एवढे पैसे नको वाटत असतील तर नंतरच्या काळातला सम्राट कॉन्स्टंटाइन याने सुरू केलेल्या सॉलिडस या सोन्याच्या नाण्याकडे बघा. एका रतलात बहात्तर, म्हणजे साडेचार ग्रॅमचं नाणं. पाचव्या शतकातल्या होनोरियस किंवा दुसऱ्या थिओडोसियस या सम्राटांची सॉलिडस ऑरियसच्या मानाने बऱ्याच कमी किमतीत मिळतात, आणि ती हलक्या प्रतीची नाणी आहेत असं मुळीच नाही. ज्या छापाचं नाणं मनात असेल त्या छापाची आधी झालेली विक्री एसीसर्चसारख्या, जुन्या लिलावांच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर वर्षावर्षाची बघून ठेवा. विक्रमाच्या बातमीत नसलेला खरा भाव तिथे कळतो.

आणि हे पैसे पगारातून वेगळे काढा. दर महिन्याला थोडे, वेगळ्या खात्यात. दोन-तीन वर्षं लागतील. चांदीतली तुमची सगळी खरेदी तशीच झाली आहे, म्हणून हे तुम्हाला जमेल याची मला खात्री आहे.

जमिनीच्या पैशांबद्दल लिहिताना मला जपून लिहायचं आहे. 'आबांच्या जमिनीचं काहीतरी हातात राहील' हे तुमचं वाक्य नाण्यांबद्दलचं नाही. जमीन गेली, सात-बारावरचं नाव गेलं, आणि खात्यात एक आकडा उरला. तो आकडा आबांसारखा दिसत नाही. परदेशात राहून वडिलांची शेवटची निशाणी विकावी लागलेल्या कितीतरी मुलामुलींना हे सलतं, आणि मग त्या पैशाचं काहीतरी ठोस करावंसं वाटतं. कुणी घर घेतं, कुणी गावात देवळाला देतं. तुम्हाला सोनं सुचलं. ही इच्छा चुकीची नाही. पण तिला लिलावाच्या बातमीने धक्का दिला आहे आणि विक्रेत्याने शनिवारची मुदत घातली आहे. दुःखाच्या भरात केलेल्या खरेदीला पुढे कायम त्या दुःखाचा वास येत राहतो.

पत्नी 'मुलीच्या शिक्षणाला' म्हणतात तेव्हा त्या तुमच्या छंदाला विरोध करतायत असं तुम्ही धरून चालला आहात. मला पत्रात तसं कुठे दिसलं नाही. त्यासुद्धा आबांच्या पैशाचं काय व्हावं हेच सांगतायत. नातीचं शिक्षण हे आबांनी स्वतः निवडलं असतं का, हे तुम्हा दोघांनाच ठाऊक. बसून, नाण्याचा विषय बाजूला ठेवून, एकदा आबांबद्दलच बोला. अकरा हजारांतला मोठा भाग शिक्षणाला आणि एक ठरावीक छोटा भाग तुमच्या एकुलत्या सोन्याच्या नाण्याला, असं दोघांच्या संमतीने ठरलं तर त्यातही काही वावगं नाही. फक्त ते दोघांनी ठरवलेलं असावं, आणि या शनिवारी ठरलेलं नसावं.

'काचेबाहेरूनच बघायचं का?' या तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर आहे. नाही. तुम्ही इंग्लंडात आहात, आणि तिथे ही सोय आहे. ब्रिटिश म्युझियमच्या नाणे विभागात आधी लिहून वेळ घेतली तर अभ्यासासाठी नाणी टेबलावर आणून देतात, हातात घेऊन बघता येतात. ऑक्सफर्डला ॲशमोलियनच्या हेबरडेन कॉइन रूममध्येही तशी व्यवस्था आहे. लिहिताना पुदुक्कोट्टईच्या साठ्यातली घाव असलेली ऑरियस बघायची आहेत असं कळवा. छिन्नी कुठून कुठे गेली, कडेला सोनं कसं उचललं गेलं, घावाच्या तळाशी रंग कसा आहे, हे एकदा बोटांनी बघितलंत की कुठल्याही विक्रेत्याच्या फोटोकडे तुम्ही वेगळ्या नजरेने बघाल. त्या साठ्यात तुमचं टायबेरियसही भेटेल. पत्नीला आणि मुलीला बरोबर न्या, परवानगी विचारून. आपल्या बायकांच्या गळ्यातल्या पुतळ्यांच्या माळेची सुरुवातही व्हेनिसच्या सोन्याच्या नाण्यांपासून झाली, हे मुलीला जाताना ट्रेनमध्ये सांगता येईल. परदेशी सोनं आपल्याकडे येऊन वेगळंच काहीतरी होण्याची परंपरा बरीच जुनी आहे.

तुमच्यासारखाच संग्रह असलेल्या इतर वाचकांसाठीही एक सांगते, कारण अशा पत्रांत हे नेहमी राहून जातं. संग्रहाची वही करा. प्रत्येक नाण्याचा फोटो, वजन, कुणाकडून, कधी, कितीला घेतलं, बिल कुठे आहे. व्यापाऱ्याने दिलेली छोटी चिठ्ठी फेकू नका, ती नाण्याबरोबरच ठेवा. विमा काढताना ही वही लागते. घरच्यांना पुढे विकायचं झालं तर फसवणूक टळते. आणि भारतात परत यायचा विचार असेल तर नाणी आणण्याआधी कस्टम्सचे नियम आणि १९७२ चा कायदा जाणकाराला विचारून घ्या. एकदा आणलेली नाणी पुन्हा बाहेर नेणं सोपं नाही. तुमच्याकडे शे-सव्वाशे नाणी आहेत, रोज संध्याकाळी पाच-सहा लिहिलीत तर महिनाभरात होईल. मुलीला फोटो काढायला बसवा, तिचा फोन तुमच्यापेक्षा चांगला असणार.